नऊ लाख नफा, दोन लाख शिल्लक: मधले सात कुठे गेले?

पत्र

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या छोट्या कारखान्याचे मालक लिहितात: "यंदा विक्री १०० लाखांवरून १२० लाखांवर गेली. कर भरून ९ लाख नफा झाला. ताळेबंद ५१ लाखांचा होता, तो ७९ लाखांचा झाला. तरी परवा पगाराच्या दिवशी बँकेत जेमतेम २ लाख होते आणि २८ लाखांच्या ओव्हरड्राफ्टपैकी २६ लाख वापरून झालेले. वर्षाच्या मधोमध २४ लाखांचं नवं मशीन घेतलं, थोडे शिलकीतले पैसे घालून आणि बाकी ओव्हरड्राफ्टमधून. मशीन रिकामं राहू नये म्हणून ग्राहकांना उधारी जरा सैल हाताने दिली. कागद ३ टक्के सवलतीत मिळत होता, तो एकदम भरून ठेवला. हिशेबनीस म्हणतात, सगळं ठीक आहे. मग पैसा कुठे आहे? दरवर्षी ४ लाख घसारा बाजूला पडतो, तो तरी कुठे आहे? मशीनला एक जण १५ लाख द्यायला तयार आहे. विकून टाकू, की वाढीची किंमत समजून आणखी एक छोटं कर्ज काढू आणि दम धरू?" सोबत त्यांनी दोन वर्षांचे ताळेबंद, मालमत्तेचा तक्ता आणि येण्या-देण्यांची यादी जोडली आहे.

उत्तर

नऊ वजा दोन सात, हे गणित शाळेत बरोबर. धंद्यात नफा हा बँकेतल्या शिलकीचा लांबचा नातेवाईक असतो, भेट कधीमधी होते. माल गाडीत चढला आणि बिल फाडलं की नफातोटा पत्रकात विक्री लागते. पैसे आले का, कधी येणार, याच्याशी त्या पत्रकाला देणंघेणं नाही. मशीनचे २४ लाख खात्यातून एका दिवसात गेले, पण खर्च म्हणून तिथे त्यातला एक छोटा तुकडाच दिसतो. आणि तुम्ही घरखर्चासाठी केलेली उचल तर त्या पत्रकात कुठेच नाही.

म्हणून तुमचे दोन ताळेबंद शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक ओळीतला फरक काढला. तुम्हीही पेन्सिल घेऊन एकदा हे करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. येणी १४ लाखांची २६ झाली, म्हणजे १२ लाख ग्राहकांकडे गेले. माल ८ चा १५ झाला, ७ लाख गोदामात. मशीनला २४. भांडवल ३८ होतं, त्यात ९ नफा मिळवून ४७ व्हायला हवं, पण ताळेबंदात ४१ आहे. म्हणजे ६ लाख घरी गेले (पत्रात हे आलेलं नाही, ताळेबंदाने सांगितलं). एकूण गेले ४९ लाख. आले कुठून? नफा ९. मशीनच्या झिजेपोटी खर्चात धरलेला पण खिशातून न गेलेला घसारा ४. पुरवठादारांची देणी ९ ची १२ झाली, ते ३. ओव्हरड्राफ्ट ४ चा २६ झाला, ते २२. बँकेतली शिल्लक १३ ची २ वर आली, ते ११. बेरीज ४९. पै न पै जुळते. त्यामुळे हिशेबनिसांवर संशय घेण्याचं कारण नाही. त्यांनी उत्तर बरोबर दिलं, फक्त तुमचा प्रश्न वेगळा होता.

हेच आकडे तीन ढिगांत वाटले की त्याला रोख प्रवाह पत्रक म्हणतात. पहिला ढीग रोजच्या कामकाजाचा: ९ अधिक ४, वजा येण्यांत अडकलेले १२, वजा मालात अडकलेले ७, अधिक देण्यांतून मिळालेले ३. उत्तर उणे ३ लाख. दुसरा ढीग गुंतवणुकीचा: मशीन, उणे २४. तिसरा पैसा उभारण्याचा आणि काढण्याचा: ओव्हरड्राफ्टचे अधिक २२, तुमच्या उचलीचे उणे ६, म्हणजे अधिक १६. तिन्ही मिळून उणे ११, तेवढीच शिल्लक घटली आहे.

पहिल्या ढिगाकडे नीट बघा. तुम्ही सगळा दोष मशीनवर टाकताय, पण मशीन घेतलंच नसतं आणि हेच कामकाज झालं असतं, तरी वर्षभर कारखाना चालवून ९ लाख 'कमावताना' खिशातून ३ लाख गेलेच असते. उचल धरली तर ९. कुठल्याही धंद्याचे कागद हाती आले की मी सगळ्यात आधी हाच आकडा शोधेन. एखाद्या वर्षी तो उणे असला तर समजून घेता येतं. सलग दोन-तीन वर्षं नफा अधिक आणि हा आकडा उणे दिसला, तर नफ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. अमेरिकेतल्या डब्ल्यू. टी. ग्रँट या दुकानांच्या साखळीची हजाराहून जास्त दुकानं होती. तिच्या पत्रकांत वर्षानुवर्षं नफा दिसत होता, पण उधारीत आणि मालात पैसा अडकत गेल्याने कामकाजातून रोख येत नव्हती. ऑक्टोबर १९७५ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. तिथे रोख प्रवाहाचं आजच्यासारखं पत्रक देणं बंधनकारक झालं ते १९८७ मध्ये. त्याआधी खेळत्या भांडवलालाच (रोख, येणी आणि माल, वजा लवकर द्यायची देणी) 'निधी' धरून पत्रक मांडायची मुभा होती. म्हणजे न वसूल झालेली उधारी आणि न खपलेला मालही निधीतच.

आता घसारा. तो 'बाजूला पडतो' असं तुम्ही लिहिलंय, आणि असं समजणारे तुम्ही एकटे नाही. घसाऱ्याची कुठलीही पेटी नसते. २४ लाख ज्या दिवशी दिले त्याच दिवशी ते संपले. पुढची दहा वर्षं हिशेबनीस तो खर्च थोडा थोडा करून नफ्यातून वजा करत राहतात, एवढंच. तुमच्या तक्त्यात मशीनचं आयुष्य १० वर्षं आणि शेवटची भंगार किंमत १० टक्के धरली आहे. म्हणजे वर्षाला २.१६ लाख, आणि यंदा अर्धंच वर्ष म्हणून १.०८. रोख प्रवाहात घसारा परत मिळवतात तो केवळ वजा करताना पैसा गेला नव्हता म्हणून. त्यातून पैसा निर्माण होत नाही. जुनी मशीनं बदलायला पैसे साठवायचे असतील तर घसाऱ्याएवढी रक्कम दरमहा खरोखर वेगळ्या खात्यात टाकावी लागते. ते काम पत्रक करत नाही, चेक करतो.

याच तक्त्यात आणखी एक तपासा. २४ लाखांत काय काय धरलंय ते बिलागणिक बघा. मशीनची किंमत, आणण्याचं भाडं, पाया, जोडणी आणि चाचणीचा खर्च मशीनच्या खात्यात टाकणं बरोबर. कामगारांच्या प्रशिक्षणाचा खर्च तिथे जात नाही, जुन्या मशीनच्या डागडुजीचा तर नाहीच. डागडुजीचे २ लाख चुकून मालमत्तेत गेले असतील तर नफा जवळपास तेवढा फुगलेला असणार, आणि त्यावर कर मात्र खऱ्या पैशांत भरला असणार.

'ताळेबंद ७९ लाखांचा झाला' या वाक्यात थोडा अभिमान दिसतो. पण ताळेबंद फुगणं आणि धंदा सुदृढ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ७९ पैकी ३६ लाख मशीनं आहेत, त्यांतून पगार देता येत नाहीत. वर्षभरात रोख होऊ शकेल अशी चालू मालमत्ता उरते ४३: येणी २६, माल १५, रोख २. समोर वर्षाच्या आत द्यायची देणी ३८: पुरवठादार १२ आणि ओव्हरड्राफ्ट २६. चालू मालमत्ता भागिले ही देणी, गुणोत्तर १.१३. गेल्या वर्षी ते ३५ भागिले १३, म्हणजे २.६९ होतं. माल वगळला तर २.०८ चं ०.७४ झालंय. आणि या २६ लाखांच्या येण्यांची वयवारी तुमच्याच यादीतून अशी निघते: ३० दिवसांच्या आतली ९, एकतीस ते साठ दिवसांची ७, एकसष्ट ते नव्वदची ४, आणि नव्वदच्या वरची ६, तीही दोनच ग्राहकांकडे. हे ६ लाख बुडीत धरून गणित केलं तर ३७ भागिले ३८. एकाच्या खाली. उरलेल्या दोन लाखांतही ग्राहकांकडून गोळा केलेला विक्रीवरचा कर असेल, तर तेवढी रक्कम तुमची नाहीच, सरकारची आहे. ती पगाराला वापरायचा मोह टाळा. असल्या देण्यावर दंड आणि व्याज लागतं आणि तिथे रदबदली चालत नाही.

आता मूळ दुखणं. मशीन दहा वर्षं पैसा देणार आहे, थोडा थोडा. त्यासाठी तुम्ही पैसा उचललात तो बँक कधीही परत मागू शकेल असा. ओव्हरड्राफ्ट असतो कागद घेतला, खोकी बनवली, विकली, पैसे आले, भरले, या फेऱ्यासाठी. वर-खाली होणं हे त्याचं काम. तुमचा २६ च्या आसपास जाऊन तिथेच बसलाय, कारण त्यातला मोठा हिस्सा मशीनच्या रूपात जमिनीला बोल्ट लावून बसलाय. नफ्यातून तो फेडायचा म्हटलं तर ९ नफा वजा ६ उचल, उरले ३. चोवीस लाखांच्या मशीनला आठ वर्षं.

म्हणून बँकेकडे जा, पण 'आणखी एक छोटं कर्ज' मागायला नाही. ओव्हरड्राफ्टमधले १८ लाख मशीनच्या तारणावर पाच वर्षांच्या मुदत कर्जात बदलून मागा. उरलेले ६ लाख तुमचे स्वतःचे धरा, मशीनच्या किमतीचा चौथा हिस्सा मालकाने घातलेला असला की बोलणं सोपं जातं. मग ओव्हरड्राफ्ट उरेल ८. वर्षाच्या आत द्यायची देणी होतील पुरवठादार १२, ओव्हरड्राफ्ट ८ आणि मुदत कर्जाचं या वर्षीचं मुद्दल ३.६, मिळून २३.६. गुणोत्तर ४३ भागिले २३.६, म्हणजे १.८२. एक पैसा नवा आला नाही, फक्त फेडीची मुदत मशीनच्या कमाईच्या वेगाशी जुळली. महिन्याला मुद्दल ३० हजार, आणि १२ टक्के दर धरला तर पहिल्या महिन्याचं व्याज १८ हजार, पहिला हप्ता ४८ हजार. व्याज महिन्याला ३०० ने उतरत जाईल.

हे झेपेल का, हा प्रश्न बँक विचारणारच, तर उत्तर घेऊन जा. करानंतरचा नफा ९, घसारा ४, आणि यंदा खर्चात गेलेलं व्याज २, मिळून कर्जासाठी हाताशी १५. पुढच्या वर्षी द्यायचं मुद्दल ३.६ आणि दोन्ही कर्जांचं व्याज साधारण ३, मिळून ६.६. पंधरा भागिले ६.६ म्हणजे २.२७, छान दिसतं. पण तुमची ६ ची उचल आधी काढून घ्या: ९ भागिले ६.६, म्हणजे १.३६. खरा आकडा हा. तो १.२५ च्या खाली घसरला की कर्ज देणारे कुरकुरायला लागतात, आणि त्यांचं बरोबर असतं. बँक ओव्हरड्राफ्टची मर्यादाही त्या प्रमाणात खाली आणेल, २८ ची १२ वगैरे करेल. त्याला विरोध करू नका. मोकळी मर्यादा दिसली की पुढच्या मशीनचं अॅडव्हान्स तिच्यातूनच जातं. आणि हे बोलणं मर्यादा ओलांडण्याआधी करा. एकदा चेक परत गेला की त्याच टेबलावर, त्याच माणसासमोर, तुमच्या कागदांची किंमत निम्मी होते.

मशीन विकण्याबद्दल. पुस्तकात त्याची किंमत आज २२.९ लाख आहे, गिऱ्हाईक १५ देतोय. ७.९ लाखांचा तोटा दिसेल म्हणून विकायचं नाही, हे कारण चुकीचं आहे. तो तोटा कागदावरचा आहे, पैसा तर आधीच गेलाय. प्रश्न एवढाच, की आज हातात येणारे १५ मोठे की मशीन पुढे देणार ते. विक्रीतली २० लाखांची वाढ सगळी मशीनमुळे धरली, तर त्यातून कागद आणि इतर कच्चा माल ६० टक्के म्हणजे १२ गेला, जास्तीची मजुरी आणि वीज २ धरली, उरले वर्षाला ६ लाख. पंधरा लाखांवर वाचणारं व्याज १.८. अडीच वर्षांत मशीन १५ लाख परत देतं आणि त्यानंतर सात वर्षं उरतात. त्यामुळे माझं मत: विकू नका. एक अट मात्र आहे. ती वाढीव २० लाखांची विक्री नेमकी कोणाला झाली ते यादीत बघा. नव्वद दिवसांवर ६ लाख थकवणारे ते दोन ग्राहकच त्यात मोठे असतील, तर मशीनची कमाई ६ लाख नाही, आणि हे सगळं गणित नव्याने मांडावं लागेल.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या शब्दाशी मी भांडणार आहे तो: 'वाढीची किंमत'. विक्री वाढली की खेळतं भांडवल जास्त लागतं, हे खरं. पण किती, ते मोजता येतं. गेल्या वर्षी तुमची येणी ५१ दिवसांची होती (१४ भागिले १००, गुणिले ३६५), माल ४९ दिवसांचा (८ भागिले वापरलेला कच्चा माल ६०) आणि पुरवठादारांना तुम्ही ५५ दिवसांनी पैसे देत होता. म्हणजे कागदाला घातलेला पैसा ४९ अधिक ५१ वजा ५५, अशा ४५ दिवसांनी घरी यायचा. हाच शिरस्ता ठेवून विक्री २० लाखांनी वाढली असती, तर जास्तीची येणी २.८, जास्तीचा माल १.६, आणि पुरवठादारांकडून १.८ सुटले असते. वाढीची खरी किंमत २.६ लाख. तुमचे अडकले १६ लाख: येण्यांत १२, मालात ७, वजा देण्यांतले ३. उरलेले १३.४ लाख वाढीमुळे अडकलेले नाहीत. येणी ५१ ची ७९ दिवस झाली आणि माल ४९ चा ७६ दिवस, म्हणून अडकले. पुरवठादारांचे दिवस ५५ च धरले तर चक्र ४५ दिवसांचं १०० दिवसांचं झालं. नाव वाढीचं, काम ढिलाईचं.

ही चांगली बातमी आहे, कारण वाढ उलटी फिरवता येत नाही, ढिलाई येते. येण्यांचा एक दिवस म्हणजे तुमच्यासाठी १२० लाख भागिले ३६५, साधारण ३३ हजार. ७९ वरून ६० वर आणलं तर सव्वासहा लाख मोकळे. मालाचा एक दिवस साधारण २० हजार, ७६ वरून ५५ वर आलात तर आणखी चार लाख. हा पैसा एकदाच सुटतो, दरवर्षी नाही. म्हणून तो सरळ ओव्हरड्राफ्टमध्ये भरायचा, दुसरीकडे कुठेही नाही.

वसुलीसाठी दमदाटी लागत नाही. बरीचशी बिलं अडकतात ती क्षुल्लक कारणांनी: बिलावर ऑर्डरचा नंबर नाही, पोचपावतीवर ४८० खोकी आणि बिलात ५००, बिल खरेदीवाल्याकडे पडून आणि पैसे देणारा तिसराच. म्हणून देय तारखेच्या पाच दिवस आधी एक फोन: "बिल पोचलं ना? त्यात काही अडचण?" पैशांचं नावही काढायचं नाही. अडचण त्याच दिवशी कळते आणि तारीख उलटल्यावर ती सबब म्हणून पुढे येत नाही. तुमच्या यादीवरून दिसतं की बिलं महिनाअखेरीस एकगठ्ठा निघतात. माल तीन तारखेला गेला आणि बिल तीस तारखेला, तर उधारीचे दिवस तीसपासून मोजले जातात. सरासरी पंधरा दिवस असे फुकट जातात आणि ते वरच्या ७९ मध्ये मोजलेलेही नाहीत. गाडीबरोबर बिल गेलं पाहिजे.

त्या दोन मोठ्या थकबाकीदारांशी मात्र तुम्ही स्वतः बोला, कारकुनाला पुढे करू नका. जुन्या रकमेचे चार हप्ते, तारखा लेखी, आणि नवा माल आगाऊ पैशावर. ग्राहक तुटेल ही भीती रास्त आहे, पण तीन महिने पैसे न देणारा ग्राहक तुमच्या ओव्हरड्राफ्टवर स्वतःचा धंदा चालवतोय.

लवकर पैसे देणाऱ्याला सूट द्यावी का, हा यातला नाजूक भाग. ४५ दिवसांऐवजी १० दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट, हे ऐकायला स्वस्त वाटतं. मोजलं तर ३५ दिवसांसाठी ९८ वर २, वर्षाला २१ टक्क्यांवर. पण तुमचा ग्राहक खरोखर ७९ दिवसांनी देत असेल तर तुम्ही ६९ दिवस विकत घेताय आणि तोच दर १०.८ टक्के होतो, ओव्हरड्राफ्टपेक्षा थोडा कमी. म्हणून सूट सरसकट जाहीर करू नका. तिसाव्या दिवशी इमानाने पैसे देणारे आधी ती उचलतील आणि थकवणारे थकवतच राहतील. निवडक, मोठ्या आणि मुळात पैसेवाल्या पण आळशी ग्राहकांना द्या.

कागदावरच्या ३ टक्के सवलतीलाही हीच पट्टी. १२ टक्के व्याजाने ३ टक्के म्हणजे तीन महिने. जी रिळं तीन महिन्यांत संपतात त्यांच्यावर तुम्ही कमावलंत, जी त्याहून जास्त पडून राहतात त्यांची सवलत व्याजात गेली, आणि ओल लागली की कागदही गेला. गोदामात जाऊन प्रत्येक रिळावर आल्याची तारीख खडूने लिहा. ज्या रुंदीची ऑर्डर सहा महिन्यांत आलेली नाही ती रिळं वेगळी काढा आणि मिळेल त्या भावाने पुरवठादाराला किंवा दुसऱ्या कारखान्याला द्या. पुस्तकी किमतीपेक्षा कमी मिळाले तरी.

पुरवठादारांना आणखी ताणायचा विचार करू नका. ५५ दिवस पुरेसे आहेत. त्यापुढे गेलात की ते भाव वाढवून वसूल करतात, आणि कागद कमी पडला की पहिला ट्रक दुसऱ्याकडे जातो.

शेवटी रोजचा उपाय, तेरा आठवड्यांचा तक्ता. तेरा उभे रकाने. वरची ओळ सुरुवातीची वापरता येणारी रक्कम, म्हणजे शिल्लक अधिक ओव्हरड्राफ्टची मोकळी मर्यादा. खाली येणारे पैसे ग्राहकाच्या नावानिशी, मग जाणारे: पगार, कागद, वीज, कर, व्याज, उचल. पैसे कधी येणार ते बिलावरच्या तारखेवरून लिहायचं नाही, त्या ग्राहकाच्या सवयीवरून लिहायचं. साठ दिवसांनी देणारा यंदा तीस दिवसांनी देईल असं धरलं की तक्ता म्हणजे कविता होते. घसारा या तक्त्यात येत नाही, उचल येते.

तुमच्या यादीवरून पहिले चार आठवडे मांडून पाहिले. हातात २ अधिक मोकळी मर्यादा २, असे ४ लाख. पहिल्या आठवड्यात येणार २.२, जाणार १.९, उरले ४.३. दुसऱ्यात १.८ येऊन २.४ जाणार, उरले ३.७. तिसऱ्यात १.५ आणि १.४, उरले ३.८. तिन्ही आठवडे सुखाचे दिसतात. चौथ्यात २ येणार, पण पगार, कागदाचं मोठं बिल, वीज आणि व्याज एकदम पडून जाणार ६.१. उणे ३० हजार. हा खड्डा आज दिसतोय म्हणून एक फोन करून बुजवता येतो: कागदवाल्याला निम्मं बिल एक आठवडा पुढे, किंवा साठ दिवसांच्या पुढच्या ४ लाखांतलं एक बिल एक आठवडा अलीकडे. तोच खड्डा पगाराच्या सकाळी दिसला तर दागिने आठवतात. तक्ता दर मंगळवारी नवा करायचा, झालेला आठवडा खोडून शेवटी एक जोडायचा, आणि अंदाज कुठे चुकला ते शेजारी लिहायचं. तीन-चार आठवड्यांत कोण ग्राहक कसा आहे ते पाठ होतं.

हिशेबनीस बदलू नका, त्यांच्याकडून मागणी बदला. वर्षाअखेरचा ताळेबंद तुम्हाला झालेलं सांगतो. दर महिन्याच्या सात तारखेला तीन कागद मागा: येण्यांची वयवारी, मालाची वयवारी, आणि महिन्याचा रोख प्रवाह, तिन्ही ढीग वेगळे दाखवलेला. पुढचं मशीन घ्यायचं मनात आलं की किमतीसोबत दोन आकडे लेखी मागायचे. त्याला काम मिळाल्यावर येण्यांत आणि मालात किती अडकेल, आणि ते पैसे किती वर्षांच्या कर्जातून येणार. चौथ्या आठवड्याचा तो फोन मात्र या मंगळवारीच करा.